नव्या मोटारीचें तेज

नवी मोटार दारांत उभी राहिली म्हणजे घरांतील लहानथोरांच्या मुखावर जें समाधान दिसतें, त्याचा मोठा वांटा तिच्या रंगाच्या झळाळीला द्यावा लागेल. पुढें वर्ष-दीड वर्षांत ही झळाळी मंदावते, आणि मालक पावसाला, उन्हाला व धुळीला दोष देऊं लागतो. परंतु नीट पाहिल्यास असें आढळून येईल कीं, या हानीचा बराच भाग ऊन-पावसाकडून होत नसून माणसाच्या हातून होतो. आणि तोही मोटार स्वच्छ करीत असतां!

ही गोष्ट कशी घडते हें पाहावयाचें असेल, तर सावंतवाडीहून बेळगांवकडे जाणाऱ्या मार्गावरील आंबोलीस जावें. समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवरील या गांवीं वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यांत मुंबई-पुण्याचीं, कोल्हापूरचीं, गोव्याचीं कुटुंबें येथील धबधबे पाहण्यास येतात. घाट चढून वर येईपर्यंत मोटारीच्या अंगावर जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीचे शिंतोडे बसलेले असतात. मालक खालीं उतरतो, खिशांतला रुमाल काढतो आणि दारावरचा एक शिंतोडा पुसून टाकतो. माती जाते खरी. पण पुढें उन्हांत पाहिलें म्हणजे त्या जागीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटलेल्या दिसतात.

याचें कारण रंगाच्या घडणींत आहे. कारखान्यांत पत्र्यावर प्रथम गंजास अडविणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असे थर चढवितात. वरच्या रोगणाची जाडी मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे बहुधा डोक्याच्या केंसाहूनही कमी असते. सगळें तेज या एका पापुद्र्यांत सांठविलेलें असतें. मातींतील लोहाचे व वाळूचे कण या रोगणाहून कठीण. कोरड्या फडक्याखालीं ते सांपडले कीं कानशीचें काम करतात. पितळेची समई चिंचेनें आणि राखेनें घांसली असतां उजळते, कारण घांसल्यावर खालचें पितळ वर येतें. रोगणाखालीं दुसरें रोगण नाहीं. १९२३ सालच्या सुमारास अमेरिकेंत निघालेल्या नायट्रोसेल्युलोजच्या रंगाच्या मोटारी पॉलिशनें घांसून पुन्हां पुन्हां उजळाव्या लागत. ती संवय जुन्या रंगाला शोभत होती. हल्लींच्या रंगाला ती मानवत नाहीं.

म्हणून या विषयांतील पहिला नियम असा कीं, आधीं पाणी, मग हात. मोटार सावलींत उभी करावी व पत्रा थंड होऊं द्यावा. नंतर टपापासून खालपर्यंत भरपूर पाणी सोडून माती भिजवावी आणि आपल्या आपण वाहून जाऊं द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठींचा साबण, दुसरींत स्वच्छ पाणी. मऊ मायक्रोफायबरचें कापड साबणाच्या पाण्यांत बुडवून टपाकडून खालीं हलक्या हातानें फिरवावें, आणि दर वेळीं दुसऱ्या बादलींत खळबळून मगच पुन्हां साबणांत घालावें. चाकें व खालच्या कडा शेवटीं, आणि त्यांचें कापड निराळें. भांडीं घांसण्याचा साबण, काथ्याची घासणी व शिवणीचें जुनें वस्त्र हीं तिन्ही वर्ज्य. पाणी अंगावर वाळूं देऊं नये. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग मागें राहतात.

हें सर्व करण्याची जागा मात्र घरचें अंगण होय. घाटांतील झरा नव्हे. वाहतें पाणी पाहून मोटार तेथेंच धुण्याचा मोह अनेकांना होतो. आंबोलीस हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील देवळाच्या कुंडांतून निघालेलें पाणी आजरा-गडहिंग्लजकडे वाहत जाऊन पुढें घटप्रभेस मिळतें. याच पाण्यांत शिस्टुरा हिरण्यकेशी या नांवाचा सोनेरी छटेचा चिमुकला मासा सांपडला. शास्त्रज्ञांनीं त्याची नोंद २०२० सालीं केली, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. साबणाचें पाणी माशांच्या कल्ल्यांस घातक असतें, आणि मोटारीच्या अंगावरील तेल त्याहून वाईट. एका मोटारीच्या शोभेसाठीं ओढ्याचें पाणी नासवावें, हें कोणत्याही सुजाण कुटुंबास न शोभणारें आहे.

आतां रक्षणाचा विचार. स्वच्छ व कोरड्या केलेल्या रंगावर मेणाचा पातळ हात द्यावा. ब्राझील देशांतील कार्नोबा ताडाच्या पानांवरचें मेण यासाठीं नांवाजलेलें आहे. तीन-चार महिन्यांनीं तो हात पुन्हां द्यावा. पाण्याचे मणी होऊन ओघळेनासे झाले म्हणजे मेण संपलें असें समजावें. नव्या मोटारीला कांहीं महिने मेण लावूं नये, हा समज कारखान्यांतील भाजलेल्या रंगास लागू नाहीं. दुरुस्तींत नव्यानें रंगविलेल्या भागास मात्र अवधि द्यावा लागतो. मोटार वेंगुर्ला-मालवणकडे उतरली, तर परत आल्यावर खारी हवा धुऊन काढावी, कारण खडा लागून रंग उडालेल्या ठिकाणीं मीठ गंजास बोलावतें. मोहोराच्या दिवसांत आंब्याखालीं मोटार ठेवूं नये. तुडतुड्यांचा चिकट स्राव अंगावर पडतो. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशीं भिजवून काढावी. धुक्यांत ओल्या, मळक्या मोटारीवर आच्छादन घालणें म्हणजे वाऱ्याच्या हातीं पॉलिशकागद देणें होय. दसऱ्याच्या पूजेचें कुंकू कांचेवर लावावें. रंगावर लावलेंच, तर संध्याकाळपूर्वीं पाणी ओतून उतरवावें. देवाला त्यांत कांहीं उणें वाटण्याचें कारण नाहीं.

आंबोलीहून परततांना मोटारीच्या अंगावर तांबडी माती राहिली, तर त्यांत कमीपणा कसला? ती घरीं दोन बादल्यांत निघते. घाईच्या रुमालानें उमटलेली रेषा मात्र सहजासहजीं निघत नाहीं, आणि झऱ्यांत गेलेला साबण कोणालाही परत काढतां येत नाहीं.