घरातला राऊंड

आज रुग्णसेवेचं प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या मुलामुलींनो,

तुमच्यापैकी बरेच जण नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत लागतील. काही जण मात्र नर्सिंग ब्युरोमार्फत लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळतील. मुलगा पुण्याला, आई-बाप गावाकडं आणि त्यातला एक अंथरुणाला खिळलेला, अशी घरं आता आपल्या उमरीतही आहेत.

दवाखान्यात डॉक्टरांचा राऊंड येतो, हेडसिस्टर डोळे वटारते. घरात राऊंड नाही. लघवीची पिशवी खुंटीला, पेशंटच्या कमरेपेक्षा उंच टांगलेली असते. लघवी नळीतून उलटी आत जाते आणि थोड्याच दिवसांत थंडी वाजून ताप भरतो. घरचे म्हणतात, हवा बदलली! पिशवीकडं कुणाचं लक्षच जात नाही.

कायद्याचंही तसंच. आपला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा. तो दवाखान्याची जागा बघतो, खाटा मोजतो. ओसरीवरची बाज त्याच्या हिशोबात येत नाही.

मग घरातल्या सेवेवर देखरेख जमतच नाही का? गडचिरोलीत जमली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायच्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढं २०११ पासून देशभरातल्या आशाताईंकडं घरभेटींचं काम आलं.

टाळ्या त्या ६२ ला पडतात. मला त्यामागची खटपट जास्त मोलाची वाटते. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात यायचे, आरोग्यदूतानं लिहिलेलं पडताळायचे, चुकलं तिथं शिकवायचे. जन्ममृत्यूची नोंद तिच्या एकटीच्या वहीवर सोडलेली नव्हती. दुसरी माणसं घरोघर फिरून ती वेगळी ताडून बघत. नुसत्या रजिस्टरवर विसंबलं की काय होतं, ते ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालानं दाखवलं. महाराष्ट्रात मेलेली कितीतरी बाळं सरकारी कागदावर मेलेलीच नव्हती. आजही घरभेटीचा फॉर्म भरला म्हणजे भेट झाली, असं धरणारे साहेब आहेतच.

आणि देखरेख म्हणजे पाळत नव्हे, कामाला मदतही. अडाणी सुइणींना आकडे मोजता येत नव्हते, तेव्हा ‘सर्च’च्याच मंडळींनी त्यांच्या हाती मणी आणि वाळूचं घड्याळ दिलं. बाळाच्या दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी आला तर न्यूमोनिया. न्यूमोनिया आहे की नाही, हे बाईला तिथंच कळायचं.

तेव्हा ब्युरोवाल्याला पगार जरूर विचारा, त्यात लाज कसली! पण रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला कोण जागं राहणार, तेही विचारा. एखादी जाणती सिस्टर अधूनमधून त्या घरी येऊन पेशंटची पाठ उघडी करून बघणार आहे का, विचारा. नाही म्हणाले, तर तुम्हीच घरच्या माणसाला जवळ बोलवा. माकडहाडावर लाली आहे का, बोटानं दाबल्यावर ती जाते का, हे त्याला दाखवा, वहीत तारीख घालून लिहा आणि खाली त्याची सही घ्या.