मोबाईल आणि मनाची विचारपूस

(वार्षिक स्नेहसंमेलनात अमरावती येथे केलेले भाषण)



आमच्या आप्तांपैकी अकोल्याच्या एका सुनेस मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा विकार आहे. यात शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे वेष्टन झिजवीत जाते. पाय जड होतात, दृष्टी मंदावते, थकवा तर विलक्षण येतो. निदान होईपर्यंत घरात ‘आळशी’ हेच तिचे नाव होते, आणि तसे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. या विकारात मनास विषण्णता येण्याचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक असते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या मोबाईलवर, अर्थात तिच्या संमतीने, एक अ‍ॅप बसविले. दर पंधरवड्यास ते नऊ प्रश्न विचारते: झोप, भूक, उत्साह इत्यादी. प्रत्येकास ० ते ३ गुण. अधिकात अधिक बेरीज २७. याखेरीज पावले व झोपेचे तास यंत्र आपणहून मोजते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी कोविडच्या टाळेबंदीत याच विकाराच्या रुग्णांच्या अशा नोंदींवरून विषण्णतेचा अंदाज बांधून पाहिला व २०२२ साली तो प्रसिद्ध केला.

परंतु अकोल्याचा वैशाख यंत्रास कोठून ठाऊक असणार? पारा ४५ अंशांपुढे गेला की या रुग्णांची लक्षणे उष्णतेनेच बळावतात. मे महिन्यात पावले निम्म्यावर आली, यंत्राने सूचना दिली, घर घाबरले. मन मात्र ठीक होते. उलट श्रावणात पावले भरपूर, बेरीज अवघी ७. परंतु नवव्या प्रश्नास, म्हणजे मरणाच्या विचाराविषयी, तिने ‘काही दिवस’ असे उत्तर दिले होते. बेरीज पाहून सारे निश्चिंत राहिले. सासूबाईंनी जवळ बसून विचारले म्हणून कळले, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठले. त्या प्रश्नास शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर बेरीज पाहत बसू नये. रात्री-अपरात्री शासनाच्या टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते.

विचारपुशीचे बळ आमच्या अमरावती जिल्ह्याने पूर्वीच दाखविले आहे. ‘विश्राम’ कार्यक्रमात ३० खेड्यांतून गावातीलच कार्यकर्ते लोकांशी याविषयी बोलू लागले, तेव्हा विषण्ण व्यक्तींपैकी उपचार घेऊ पाहणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

सासूबाईंस वाचता येत नाही. म्हणून आता सून प्रश्न मोठ्याने वाचते आणि दोघीही उत्तरे देतात. गेल्या खेपेस सासूबाईंचीच बेरीज अधिक भरली. सोमवारी दोघी एकाच रिक्षातून दवाखान्यात गेल्या.