अल्युमिनियमला रंग देण्यापूर्वीं



गेल्या वैशाखांत मीं आमच्या दादरच्या घराच्या अल्युमिनियमच्या खिडक्यांना स्वतः हिरवा रंग दिला. रंग उंची, कुंचला नवा, हौस तर विचारूंच नका. श्रावणांत त्याचे पोपडे नखानें निघूं लागले आणि खालचा धातु जसाच्या तसा चकचकीत! दुकानदाराशीं भांडावयास मी निघालोंच होतों. पण दोष माझाच होता.

स्वयंपाकघरांत ज्याला आपण 'जर्मन' म्हणतों, त्या या धातूची एक खोड आहे. तो कितीही घासला तरी हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचें पारदर्शक कवच येतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाइतकीही नसते. हें कवच धातूचें रक्षण करतें; परंतु तें गुळगुळीत असून त्यावर हाताचें तेल, फोडणीचा धूर आणि खाऱ्या वाऱ्याचें मीठ बसतें. माझा रंग चिकटला होता तो या मळाला!

म्हणून आधीं कोमट पाणी व सौम्य साबण. धुण्याचा सोडा नको, तो अल्युमिनियमला खातो. नंतर ३२० नंबरचा काचकागद ओला करून घासावा. चकाकी मावळली कीं पुरे. लोखंडी तारेची घासणी वापरूं नये. तिचे कण धातूंत रुततात व पावसाळ्यांत गंजतात. जुना रंग तर कोरडा घासूंच नये. त्यांत शिसें असूं शकतें, आणि रांगत्या मुलाच्या हातांतून तो चुरा तोंडांत जातो.

पुन्हां धुतांना पाण्याकडे पाहावें. तें सलग पसरलें तर ठीक. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर तेल अजून आहे असें समजावें.

वाळल्यावर त्याच दिवशीं अस्तर द्यावें. लोखंडाला पूर्वीं देत तें शेंदराचें अस्तर येथें घातक. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९-४५) विमानांना झिंक क्रोमेट लावीत. पण क्रोमेट कर्करोगास कारण होतें, तेव्हां घरीं तें नको. अल्युमिनियमसाठीं बनविलेला झिंक फॉस्फेटचा प्रायमर मागावा. त्यावर रंगाचे दोन पातळ हात.

यंदा चार खिडक्यांना मला तीन दिवस लागले; कुंचला हातीं होता तो जेमतेम दोन तास. पांचव्या खिडकीच्या धातूवर कारखान्यांतच विजेच्या साहाय्यानें जाड कवच चढविलेलें आहे. तिला मीं हातही लावला नाहीं.