खुबा मोडल्यानंतरचा संसार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय या व्यासपीठावरून बोलण्याजोगा आहे काय, असा प्रश्न कार्यकारी मंडळात निघालाच. आमच्या मते तो येथेच बोलावयास हवा. कारण घरी तो कोणी काढीत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवती न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम खुबा बसला. घरी येताना औषधे, वॉकर, व्यायाम सर्व नीट समजाविण्यात आले. पतिपत्नींनी पुन्हा एकत्र केव्हा निजावे, हे मात्र कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. मुलांनी त्यांची खाट दिवाणखान्यात मांडली. आमचे अंथरूण आतल्या खोलीत राहिले. पासष्टी उलटलेल्यांना त्याचे काय, असे सर्वांनीच गृहीत धरले. चार महिने असे गेले. त्यांना वाटे, आपण आता घरातली अडगळ झालो. आम्हांस वाटे, स्पर्श केला तर सांधा निखळेल. दोघांचीही समजूत चुकीची होती, परंतु बोलल्यावाचून ती कळावी कशी?

अखेर आम्ही शल्यवैद्यांस विचारले. तिथिवार सांगावा तितक्या सहजतेने त्यांनी उत्तर दिले. जखम भरून आली व वेदना आटोक्यात असल्या, म्हणजे साधारणतः ६ ते ८ आठवड्यांनी शरीरसंबंधास हरकत नसते. तथापि हाड सळईने वा स्क्रूने जोडले असेल, तर आपल्या शल्यवैद्यांचा शब्द अखेरचा मानावा. सांधा मागील बाजूने उघडून बसविला असल्यास, पथ्य असेतोवर खुबा ९० अंशांहून अधिक वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाऊल आत वळवू नये. रुग्णाने उताणे निजावे, किंवा धड बाजूच्या कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्यावी; श्रमाचा भाग जोडीदाराने उचलावा. भुईवरचे अंथरूण टाळून टणक गादीची उंच खाट वापरावी. अकस्मात कळ येऊन पाय आखूड वा वळलेला दिसला, तर उभे न राहता रुग्णवाहिका बोलवावी.

काहींना इच्छाच होत नाही. तीव्र वेदनाशामकांनी ती मंदावते, मनाच्या खिन्नतेनेही मंदावते. यात कोणाचा दोष नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणाने पीडा होत असेल, तर औषधांच्या दुकानात त्यासाठी वंगण मिळते. ते मागताना आमचीही जीभ अडखळली होती. पुरुषांनी मात्र ऐकीव गोळ्या घेऊ नयेत. हृदयविकारासाठी नायट्रेट चालू असता सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो.

आणि परवानगी मिळेपर्यंतचे आठवडे? त्या काळात शेजारी बसून वेणी घालून देणे, हात हाती घेणे, यांस कोणत्याही शल्यवैद्याची मनाई नाही. आम्ही तेवढेही केले नाही, ही खंत आजही आहे.

तरुण मंडळींस एकच विनंती: आईची खाट बाहेर मांडण्यापूर्वी त्या दोघांस विचारावे. आमची खाट त्याच रात्री आतल्या खोलीत परतली. सूनबाईंनी काही विचारले नाही. दोन उशा मात्र जास्तीच्या ठेवून गेल्या.