दुरून टाकलेले नाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजाराने अपंग झालेल्यांविषयी चार शब्द बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी ना डॉक्टर, ना समाजसेविका. पण मागाहून वाटले, चुकीचे ग्रह बाळगण्याचा अनुभव माझ्यापाशी पुष्कळ आहे, तोच सांगावा.

लग्न होऊन नाशकात आले तेव्हा पर्वणीला सासूबाईंबरोबर रामकुंडावर जात असे. पायऱ्यांवर कुष्ठरोगी बसलेले असत; त्या वेळी आम्ही महारोगी म्हणत असू. सासूबाई पदर सावरून दुरूनच नाणे टाकीत. मीही तसेच करू लागले. नाणे थाळीत वाजले की पुण्य पदरात पडल्यासारखे वाटे. त्या माणसांपैकी एकाचाही चेहरा आज मला आठवत नाही.

हा देवाचा कोप आहे, नुसत्या स्पर्शाने लागतो, पिढ्यान् पिढ्या चालतो, बोटे झडून पडतात, अशी आमची समजूत. यांतले एकही खरे नव्हे. हा रोग एका जंतूमुळे होतो. तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी 1873 सालीच शोधला होता. बहुतेकांच्या अंगी या रोगाला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. रोग मज्जातंतूंना धरतो, त्यामुळे हात बधिर होतो. चुलीवरचे भांडे उचलताना भाजले तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे जातात ती अशी. आज सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर ते घेतले की रोग बरा होतो. मात्र वाकलेली बोटे तशीच राहू शकतात, आणि लोक रोग पाहत नाहीत, बोटे पाहतात.

ही भीती मोठ्यांनाही चुकली नाही. वरोऱ्याला भर पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून बाबा आमटे घाबरून पळाले होते. त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. ते परत फिरले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे आनंदवन सुरू झाले. दोन लहान मुले घेऊन साधनाताई तिथल्या माळावर राहिल्या. मला त्यांचे फार नवल वाटते. आपण मुलाला साधा गोवर आला तरी घाबरतो.

तिथल्या रोग्यांनी विहिरी खणल्या, भाजीपाला पिकवला. पण वरोऱ्याच्या बाजारात तो कुणी घेईना! पुढे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तिथलेच अन्न जेवले. ते पाहून लोकांची भीती हळूहळू ओसरली. 1964 साली त्याच आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालय निघाले आणि गावची मुले तिथे शिकावयास जाऊ लागली.

भगिनींनो, ही भाजीची हकीकत वाचली आणि मला आपला बुधवारचा बाजार आठवला. तिथे एक बाई कोथिंबीर, मेथी घेऊन बसते. तिची बोटे वाकलेली. मी वर्षानुवर्षे तिला ओलांडून पुढच्या भाजीवालीकडे जात असे. एके दिवशी मुद्दाम तिच्यापुढे उभी राहिले. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि मोठेपणाने म्हटले, "राहू द्या वरचे पैसे."

ती म्हणाली, "वहिनी, मेथीचे झाले तेवढे मी घेतले. बाकीचे तुमचे तुम्ही घ्या." आणि सुटे पैसे तिने टोपलीच्या काठावर ठेवले. माझ्या हातात दिले नाहीत. कुणाच्याच हातात ती देत नाही. लोक हात मागे घेतात, म्हणून तिने स्वतःलाच ती सवय लावून घेतली आहे. रामकुंडावरचे माझे नाणे मला तिथे आठवले. दुसऱ्या बुधवारी मी हात पुढे केला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पैसे हातावर ठेवले.

पुढे ओळख वाढली. एकदा म्हणाली, अंगावर बधिर चट्टा उठला तेव्हा सासरी कळू नये म्हणून तिने दोन वर्षे लपवला. वेळीच दाखवला असता तर बोटे वाचली असती. तिला दोष कसा द्यावा? 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते 2019 साली काढून टाकले. कायद्याने पाऊल उचलले, आता घराघरांनी उचलावयाचे आहे. आपल्या लेकीसुनांपैकी कुणाच्या अंगावर असा चट्टा दिसला तर तो लपवू नका, तिला धीर देऊन दवाखान्यात न्या.

आता एक कबुली. गेल्या संक्रांतीला मंडळाच्या तिळगूळ समारंभाला तिला बोलवावे असे माझ्या फार मनात होते. मी बोलावले नाही. तुम्ही काय म्हणाल, अशी भीती वाटली. तुम्हांला विचारलेसुद्धा नाही. म्हणजे तिच्याविषयीचा ग्रह सुटला आणि तुमच्याविषयी मी नवा ग्रह करून घेतला! त्याबद्दल आज तुमची क्षमा मागते.

यंदा मी तिला बोलावणार आहे. ती येईल की नाही, ठाऊक नाही. आली, तर तिळगूळ वाटीत ठेवून पुढे सरकवू नका. तिच्या हातावर ठेवा, आणि तिच्या हातून घ्या. माझे एवढेच मागणे आहे.