धांवणाऱ्याची शिदोरी



औषधांच्या दुकानांत, किराणा मालाच्या दुकानांत, एवढेंच काय पण स्टेशनावरील फराळाच्या गाळ्यांतही चकचकीत कागदांत गुंडाळलेली एक वडी हल्लीं सर्रास दिसूं लागली आहे. तिला 'एनर्जी बार' असें म्हणतात. कोणी ती न्याहरीच्या ऐवजीं खातो, कोणी कचेरींतील मेजाच्या खणांत ठेवतो, आणि कोणी व्यायामशाळेंत अर्धा तास वजनें उचलून झाल्यावर ती चघळीत घरीं येतो व आपण शरीराचें मोठें हित साधलें असें समजतो. मी वैद्य नव्हे, मल्लही नव्हे. आयुष्यभर शाळेंत अंकगणित शिकविलें, इतकेंच. परंतु ही वडी केव्हां उपयोगी पडते आणि केव्हां पडत नाहीं, हा प्रश्न बऱ्याच अंशीं जमाखर्चाचा आहे. आणि जमाखर्चाविषयीं बोलण्याचा अधिकार शिक्षकाला असतो असें धरून मी आज आपल्यापुढें उभा आहे.

आपल्या भाषेंत दोन शब्द फार सोयीचे आहेत. एक खुराक आणि दुसरा शिदोरी. तालमींतला पैलवान दूध, तूप, बदाम खातो तो खुराक. तो अंगीं लागावयाला महिने लागतात, आणि कोणताही वस्ताद तो कुस्तीच्या मध्यें खाऊं देत नाहीं. शिदोरी निराळी. ती वाटेंत खावयाची असते, आणि वाट लांबची असेल तरच बांधावयाची असते. ही वडी मूळची शिदोरी आहे. तिला आपण खुराक समजूं लागलों, येथें सारा घोटाळा झाला आहे.

आतां हिशेब पाहूं. आपल्या शरीरांत इंधन मुख्यतः दोन रूपांनीं सांठविलेलें असतें. एक चरबी, दुसरें ग्लायकोजेन, म्हणजे भात, भाकरी, साखर यांपासून शरीरानें बनविलेला पिष्टाचा सांठा. सुदृढ मनुष्याच्या सर्व स्नायूंत मिळून हें ग्लायकोजेन सुमारें ४०० ग्रॅम व यकृतांत सुमारें १०० ग्रॅम असतें. एका ग्रॅमामागें ४ कॅलरी धरल्या तर एकंदर शिल्लक २००० कॅलरींची झाली. धांवतांना माणसाला दर किलोमीटरास, दर किलो वजनामागें, सुमारें एक कॅलरी खर्च येतो. म्हणजे ६० किलो वजनाचा मनुष्य मॅराथॉनचे ४२ किलोमीटर धांवला, तर खर्च २५०० च्या वर गेला. जमा २०००, खर्च २५००. चौथींतला मुलगाही तूट सांगेल.

यावर कोणी म्हणेल कीं, तूट चरबींतून भरून निघेल. चरबी आपला वांटा आरंभापासून उचलीत असतेच, आणि तिचा सांठा बारीक माणसाच्या अंगांतही प्रचंड असतो. पण ती सावकाश जळते, आणि तेवढ्याच उष्णतेसाठीं तिला प्राणवायु अधिक लागतो. चालणाऱ्याला ती पुरते. वेगानें धांवणाऱ्याला पुरत नाहीं. वेग वाढला कीं शरीराचा सगळा ओढा ग्लायकोजेनकडे वळतो. शिवाय या सांठ्याची एक खोड आहे. प्रत्येक स्नायूची कणगी ज्याची त्याची. पायांची कणगी रिकामी झाली म्हणून हातांच्या कणगींतून त्यांना थेट उसनें मिळत नाहीं. गांवाला धान्य वांटणारें कोठार एकच, तें यकृत. आणि त्या कोठारावर पहिला हक्क मेंदूचा. तें कोठार रितें होऊं लागलें म्हणजे पाय तर जड होतातच, पण माणसाला सुचेनासें होतें.

हें केवळ अनुमान नव्हे. १९२४ सालीं अमेरिकेंत बॉस्टनच्या मॅराथॉन शर्यतींत डॉक्टर लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनीं धांवकांचें रक्त शर्यतीच्या अंतीं तपासलें. जे अगदीं गळून, भांबावून पोंचले त्यांच्या रक्तांतील साखर फार खालीं गेलेली आढळली. दुसऱ्या वर्षीं, १९२५ सालीं, त्यांनीं कांहीं धांवकांना आधीं कर्बोदकें भरपूर खावयास लावलीं आणि वाटेंत खाण्यासाठीं गोळ्या-मिठाई दिली. त्या धांवकांची अवस्था पुष्कळच बरी राहिली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं औषध सांपडलें होतें, आणि तें वाण्याच्या बरणींत होतें!

पुढें १९६६ सालीं स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हुल्टमन या दोन शास्त्रज्ञांनीं केलेला प्रयोग तर मला फार आवडतो. एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकानें एकेकच पाय चालविला. दुसरा पाय स्वस्थ. दमछाक होईपर्यंत हें केल्यावर सुईनें मांडीच्या स्नायूचा कण काढून पाहिला, तों राबलेल्या पायांतील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलें, आणि स्वस्थ पायांतील जसेंच्या तसें. नंतर तीन दिवस कर्बोदकांचा आहार घेतला तेव्हां राबलेला पाय स्वस्थ पायाच्या दुप्पट सांठा करून बसला. स्वतःच्या मांडींत सुई टोंचून घेऊन सिद्ध केलेलें शास्त्र पटावयाला जड जात नाहीं.

एवढें ठाऊक असूनही वडी मात्र बरीच उशिरां आली. कॅनडाचा ब्रायन मॅक्सवेल हा नांवाजलेला धांवपटु. १९८३ सालीं लंडनच्या शर्यतींत एकविसाव्या मैलाच्या सुमारास त्याचीं गात्रें अकस्मात् गळालीं. तो कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें राहत असे. तेथें, पुढें त्याची पत्नी झालेली जेनिफर ही आहारशास्त्राची विद्यार्थिनी, तिच्या साह्यानें त्यानें स्वयंपाकघरांत नाना मिश्रणें करून पाहिलीं आणि १९८६ सालीं 'पॉवरबार' नांवाची वडी विकावयास काढली. चरबी कमी, कर्बोदकें भरपूर, खिशांत मावेल अशी. पुढें १९९० सालीं गॅरी एरिक्सन नांवाचा एक सायकलपटु १७५ मैलांच्या फेरीवर निघाला. पांच वड्या त्यानें खाल्ल्या. सहावी कांहीं केल्या घशाखालीं उतरेना. त्यानें घरीं येऊन आईच्या मदतीनें खमंग लागेल अशी निराळी वडी बनविली, आणि १९९२ पासून तिचाही मोठा व्यापार झाला. चव ही चैनीची गोष्ट आहे असें आम्ही मास्तर लोक मुलांना सांगत असतों. पण दमलेल्या माणसाच्या बाबतींत जें गिळवत नाहीं तें इंधनच नव्हे.

किती खावें, याचे आंकडे आतां पुरेसे निश्चित झाले आहेत. व्यायाम एक ते अडीच तास चालणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकें. यापेक्षां अधिक ग्लुकोज घेऊन लाभ नाहीं, कारण आंतड्यांतून रक्तांत शिरण्याचें ग्लुकोजचें दार अरुंद आहे. तासाला साठेक ग्रॅमच त्यांतून जातें. फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, हिला मात्र दुसरें दार आहे. म्हणून अडीच तासांहून लांबच्या शर्यतींत दोन्हींचें मिश्रण घेऊन सराईत मंडळी ९० ग्रॅमपर्यंत मजल मारतात. आपली साखर हा या दोहोंचाच जोड आहे, आणि गुळांत मुख्यतः तीच साखर असते.

आणि तासाच्या आंतील व्यायामाचें काय? येथें एक गंमत सांगतों. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या प्रयोगांत सायकलपटूंनीं सुमारें तासाभराची दौड केली. त्यांना कर्बोदकाचें द्रावण दिलें, पण तें गिळावयाचें नाहीं; तोंडांत खळखळवून थुंकून टाकावयाचें. तरीही त्यांची वेळ सुमारें तीन टक्क्यांनीं सुधारली. पोटांत कांहींच न जातां! तोंडाला नुसती चाहूल लागली कीं मेंदू हात सैल सोडतो, असें दिसतें. यावरून तासाभरांत इंधन कमी पडत नाहीं हें उघड झालें. मग अर्ध्या तासाच्या वजनें उचलण्यावर अडीचशें कॅलरींची वडी खाणारा मनुष्य जें खर्चिलें त्याहून अधिक जमा करून घरीं येतो. खणांतल्या वडीविषयीं तर बोलावयासच नको. ती वेष्टनांतली मिठाई आहे, आणि मिठाई म्हणून खावयाची असेल तर आपला पेढा काय वाईट?

ज्यांना खरोखर लांब जावयाचें आहे ते मात्र ती चुकीच्या वेळीं खातात. माझा एक जुना विद्यार्थी बँकेंत आहे. मुंबईच्या मॅराथॉनमध्यें तो पहिल्यांदा पूर्ण अंतर धांवला. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर उलटल्यावर, पेडर रोडची चढण येते. ती येथें फारशी उंच नाहीं, पण तेथें ती डोंगरासारखी भासते. त्या चढणीच्या तोंडाशीं तो पदपथावर बसला. स्वयंसेवकानें घरच्या माणसाचा फोन क्रमांक विचारला. बायको पुढें शेवटाशीं वाट पाहत उभी, आणि याला तिचा क्रमांक आठवेना. तें ऐकून मी घाबरलों. मी विचारलें, "अरे, बरोबर खायला कांहीं नेलें नव्हतेंस काय?" तो म्हणाला, "गुरुजी, वडी होती ना खिशांत. पण भूकच लागली नाहीं, म्हणून राखून ठेवली."

भूक ही येथें घड्याळ नव्हे. धांवतांना रक्त पायांकडे व कातडीकडे वळतें, पोट मंदावतें, आणि भूक मेल्यासारखी होते. खाल्लेलें रक्तांत उतरावयालाही कांहीं वेळ लागतो. म्हणून पहिला तुकडा अर्ध्या-पाऊण तासाच्या आंत, अंगांत जोम असतांनाच, खावयाचा, आणि पुढें दर वीस-पंचवीस मिनिटांनीं थोडा थोडा. प्रत्येक वेळीं दोन-चार घोट पाण्याबरोबर. पाणी नसेल तर दाट साखर पोटांत बसून उलट अंगांतलेंच पाणी ओढून घेते आणि मळमळतें. त्या विद्यार्थ्यानें पुढच्या वर्षीं मनगटावरील घड्याळाच्या ठोक्यावर वडी खाल्ली. चढण तो सावकाश, पण धांवत चढला, आणि शेवटाशीं बायकोला त्यानें स्वतः शोधून काढलें.

वडी निवडतांना पुढचीं मोठीं अक्षरें वाचूं नयेत. मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा. साठ ग्रॅमच्या वडींत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकें असावींत, चरबी व चोथा अगदीं थोडा. चोथा एरवीं मोठा गुणकारी. पण धांवतां धांवतां पोटांत वायु धरला म्हणजे त्याचे गुण आठवत नाहींत. 'वीस ग्रॅम प्रथिनें' असें मिरविणारी वडी व्यायामानंतरची आहे. 'साखरविरहित' वडींत पुष्कळदां माल्टिटॉलसारखा गोड पदार्थ असतो. त्यानें जुलाब होऊं शकतात, आणि धांवणाऱ्याला जी हवी ती साखरच तींत नसते! सायकलवाल्याचें पोट स्थिर असतें, त्याला घट्ट वडी चालते. धांवणाऱ्याचें पोट हिंदकळतें, त्यानें मऊ वडी घ्यावी आणि चावून चावून खावी.

आतां घरच्या शिदोरीकडे वळूं. शेंगदाण्याची चिक्की मला अतिशय प्रिय आहे, पण शेंगदाण्यांत जवळजवळ निम्मी चरबी असते. दिवसभर गडकिल्ले हिंडणाऱ्याला ती उत्तम. वेगानें धांवणाऱ्याच्या पोटांत ती रेंगाळते. राजगिऱ्याचा लाडू हिशेबानें चांगला, मात्र धापा टाकतांना त्याचा भुगा घशांत जातो. केळें मात्र कोठेंच कमी पडत नाहीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत ७५ किलोमीटर सायकल चालविणाऱ्यांना केळीं व तयार शर्करापेय यांनीं सारखाच हात दिला. केळ्यांनीं पोट थोडें अधिक तट्ट वाटलें, एवढेंच. बिया काढलेला १०० ग्रॅम खजूर, ३० ग्रॅम गूळ, राजगिऱ्याच्या २० ग्रॅम लाह्या आणि चिमूटभर मीठ एकत्र मळून त्याच्या चार वड्या पाडल्या, तर प्रत्येकींत सुमारें २७-२८ ग्रॅम कर्बोदकें येतात. तासाला दोन, दुकानच्या वडीचें काम झालें. घामावाटे मीठ जातें, म्हणून तें विसरूं नये. दुकानची वडी वाईट नव्हे. ती मोजलेली असते, टिकते, आणि प्रवासांत हाताशीं असते. पण तिच्यांत अशी कोणतीही शक्ति नाहीं जी आपल्या डब्यांत नाहीं.

मधुमेहासाठीं इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनीं हे माझे आंकडे बाजूला ठेवावेत आणि आपल्या डॉक्टरांकडून स्वतःचे घ्यावेत. त्यांच्या रक्तांतील साखर व्यायामानें एकाएकीं खालीं येऊं शकते.

इतरांनीं कोणतीही नवी वडी शर्यतीच्या दिवशीं प्रथमच खाऊं नये. रविवारच्या लांब दौडींत, त्याच वेगानें धांवतांना, ती चार-सहा वेळां खाऊन पाहावी. पोटालाही सराव लागतो आणि तें शिकतें. आणि वेष्टनाचा एक कोपरा घरूनच कात्रीनें कापून ठेवावा. घामेजलेल्या बोटांनीं तो फाटत नाहीं, आणि दांतांनीं ओढूं गेलें तर वडी रस्त्यावर पडते.