आसूची वैष्णवी



आज आपण एका खेळाडू मुलीविषयी बोलू. तिचे नाव वैष्णवी विठ्ठल फाळके. गाव आसू, तालुका फलटण, जिल्हा सातारा. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या शेजारचीच. घर शेतकऱ्याचे. ही मुलगी भारताच्या संघातून हॉकी खेळते.

आपल्या जुन्नर-आंबेगावात कुस्तीचा फड सर्वांना ठाऊक. बैलगाड्यांचा घाट तर पोराबाळांनाही ठाऊक. हॉकी मात्र पुष्कळांनी पाहिलेली नसेल. म्हणून आधी खेळ समजून घेऊ.

हॉकीत दोन संघ असतात. प्रत्येक संघात अकरा जण. हातात खाली वाकडी असलेली काठी. त्या काठीने चेंडू ढकलायचा, मारायचा आणि समोरच्यांच्या जाळ्यात घालायचा. त्याला गोल म्हणतात. काठीची सपाट बाजूच वापरायची. चेंडूला पाय लावायचा नाही. जाळ्यापुढे एक गोलरक्षक उभा असतो. त्याला तेवढी पायाने चेंडू अडवायची मुभा. मैदान सुमारे पन्नास गुंठ्यांचे. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. एवढ्या रानात तासभर वाकून धावायचे, म्हणजे छाती हवी आणि डोकेही हवे. मोठे सामने आता मातीवर होत नाहीत. प्लास्टिकच्या गवतावर पाणी मारतात आणि त्यावर खेळतात. चेंडू फार वेगाने जातो.

वैष्णवी पुढे कशी आली? पुण्याजवळ बालेवाडीला राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. गावोगावच्या मुलामुलींची पारख करून त्यांना तिथे घेतात. राहणे, जेवण, शाळा आणि सराव सगळे तिथेच. वैष्णवी तिथे तयार झाली. तिच्याच फलटण तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळेही तिथलीच. फलटणची ऋतुजा पिसाळही तिथलीच. एका दुष्काळी-बागायती तालुक्यातून तीन मुली भारताच्या संघापर्यंत गेल्या. एक गेली, तिला पाहून दुसरी गेली. वाट अशीच पडते, मंडळी.

2022 साली जून महिन्यात डब्लिन शहरात स्पर्धा झाली. डब्लिन ही आयर्लंड देशाची राजधानी. भारताच्या तरुण मुलींचा संघ तिकडे गेला. त्या संघाची कर्णधार होती आपली वैष्णवी. आयर्लंड देश केवढा? तिथली सगळी माणसे मोजली, तरी आपल्या एका पुणे जिल्ह्याहून कमी भरतील. पण 2018 साली लंडनला महिलांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा याच आयर्लंडने भारताला हरवले आणि पुढे थेट अंतिम सामना गाठला. त्यांच्या पुष्कळ मुली शिक्षण आणि नोकरी सांभाळून खेळत होत्या. देश लहान की मोठा, गाव लहान की मोठे, यावर सगळे ठरत नाही. पोरांना मैदान कोण देतो, यावर ठरते.

2023 साली वैष्णवी मोठ्यांच्या संघात आली. त्याच वर्षी चीनमध्ये हांगझोऊला आशियाई खेळ झाले. भारताच्या महिलांनी जपानला 2-1 असे हरवून कांस्यपदक मिळवले. त्या संघात ती होती. नोव्हेंबर 2024 मध्ये बिहारात राजगीरला आशियाई चॅम्पियन्स स्पर्धा झाली. चीनला 1-0 असे हरवून भारत पहिला आला. त्याही संघात ती होती. सप्टेंबर 2025 मध्ये आशिया चषकात कोरियाला 4-2 असे हरवले. त्या चार गोलांत एक वैष्णवीचा आणि एक ऋतुजाचा!

पण नुसते गोड सांगणे बरे नव्हे. खेळात हारही असते. जानेवारी 2024 मध्ये रांचीला ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती. पहिल्या तिघांना पॅरिसचे तिकीट. भारताच्या मुली जपानकडून एका गोलाने हरल्या आणि चौथ्या आल्या. पॅरिस हुकले. अशा हारी पचवाव्या लागतात. शिवाय हातपाय दुखावतो, निवडीत नाव येत नाही. शंभरातल्या एखादीलाच देशाचा सदरा मिळतो. हे आधीच समजून असावे.

मग तुम्ही म्हणाल, "एवढे हाय तर पोरीला धाडायची कशाला?" बाकीच्या नव्याण्णव जणींचे काय होते ते ऐका. त्यांची प्रकृती सुधारते. त्या चार गावे पाहतात, चार माणसांत बोलतात. शाळा सुटत नाही. लवकर लग्न लावण्याचा विचार मागे पडतो. आणि अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे तर कायद्यानेही गुन्हाच आहे.

आपण घाटात बैल पळवतो. त्याला खुराक देतो, अंगाला हात फिरवतो, त्याच्या पायाला काटा लागू देत नाही. चांगलेच करतो. पण घरातल्या धावणाऱ्या पोरीच्या ताटात दूध, अंडे, डाळ किती पडते? तिला पायात घालायला बूट आहे का? हे ज्याने-त्याने आपल्या घरी पाहावे.

अडचणी आहेत. आपल्याकडे बिबट्याचे भय आहे. अंधारात पोरीला एकटी पाठवता येत नाही. तर तीन-चार घरांनी मिळून पाळी लावावी. आज एकाचा बाप बरोबर जाईल, उद्या दुसरीची आई. मैदान नसेल तर ग्रामसभेत मागावे. लोक काय म्हणतील? लोक आधी हसतात आणि पदक आले की हार घेऊन वेशीवर उभे राहतात.

शेवटी एक काम सांगतो. शाळेतून कधी खेळाच्या निवडीचा कागद घरी येतो. त्यावर आईबापाची सही लागते. पूर्वी आपण अंगठा उठवत होतो, नाहीतर कागद चुलीत जात होता. आता आपल्याला वाचता येते. तो कागद स्वतः वाचा. निवड कुठे, कोणत्या तारखेला, सोबत कोण, हे सगळे पाहा. समजले नाही ते गुरुजींना विचारा. मुलीलाही विचारा, "तुला जायचे का?" ती हो म्हणाली, तर खाली आपले नाव लिहा. स्वच्छ आणि पूर्ण लिहा.